फोटोतले अध्यक्ष

"आलं बघ म्हातारं. आता मधोमध घुसतंय का न्हाई, लाव पैज."

मिरजगावच्या मंगल कार्यालयात स्टेजखाली उभा असलेला एक फोटोग्राफर दुसऱ्याच्या कानात हे म्हणाला. तो कान माझ्यापासून हातभरच अंतरावर असल्याने मलाही ऐकू आलं. दुसऱ्याने पैज लावली नाही. लावण्यात अर्थच नव्हता. तोवर आमचे अध्यक्ष गुडघ्यावर हात टेकत स्टेजच्या पायऱ्या चढले होते, पाहुण्यांच्या आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बायांच्या बरोबर मधे जाऊन उभे राहिले होते, डोक्यावरचा गुलाबी फेटा त्यांनी दोन्ही हातांनी सारखा केला होता आणि आख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं होतं, "थांबा! माझ्याबिगर फोटो काडायचा न्हाई!"

फोटोचा एवढा हावरा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही आणि यापुढे पाहीन असं वाटत नाही. आमच्या तालुक्यात फीत कापली जावो, रोप लावलं जावो की कुणाला नारळ दिला जावो, छापून आलेल्या फोटोत मधोमध एक गुलाबी फेटा असायचा आणि त्याखाली एक भलीथोरली मिशी. एकदा नगरहून परतताना आम्ही हायवेवरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो. शेजारच्या टेबलावर एक अनोळखी कुटुंब लहान मुलाच्या वाढदिवसाचा सेल्फी घेत होतं. मी कपातून वर पाहिलं तर अध्यक्ष त्यांच्या मागे हजर, मिशीला पीळ देत. त्या कुटुंबाने पुन्हा एक फोटो काढला, यावेळी त्यांना टाळून. त्यातही ते आले. शेवटी मुलाच्या आजीने त्यांनाच केक भरवला.

आमची संस्था कर्जतला आहे, एचआयव्ही घेऊन जगणाऱ्या माणसांसाठी. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक दमेकरी जीप, एक समुपदेशक बाई, अध्यक्ष आणि मी. बाकी सगळं दुसऱ्यांचं. गोळ्या सरकारी दवाखान्याच्या, दूध पावडर डेअरीची, शेंगदाणे, गूळ आणि डाळीच्या पिशव्या नगरच्या एका सेवा क्लबाच्या किंवा पुण्याच्या एखाद्या कंपनीच्या. या सगळ्यांना धरून ठेवणं हेच आमचं निम्मं काम, आणि मला घेतलं ते त्यासाठी. नगरच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे कंपन्यांना हवे तसे अहवाल मला लिहिता येतात. बोलायची वेळ आली की मात्र मला पाणी प्यायला जावंसं वाटतं. अध्यक्षांनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं. पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, "ह्या आमच्या इंग्लिश म्याडम. लिवत्यात लई, बोलत न्हाईत. आमी बोलतो लई, लिवत न्हाई. दोघं मिळून एक मानूस पुरा व्हतो."

त्यांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांना त्यांनीच फेटे बांधलेले. त्यामुळे असेल, पण दुसऱ्या संस्थेशी करार करणं म्हणजे त्यांच्या लेखी सोयरीक होती, आणि त्या सोयरिकीत आम्ही कायम मुलीकडचे. एखाद्या कंपनीचा ईमेल आला आणि मी तो मराठीत सांगितला की ते विचारायचे, "स्थळ कुठलं?" करारावरच्या सह्या म्हणजे साखरपुडा. पहिला मेळावा म्हणजे लग्न. वर्षाच्या शेवटी कंपनीचे लोक कागद तपासायला आले की ते समुपदेशक बाईंना हाक मारायचे, "व्याही रुसल्यात. जरा शिऱ्यात वेलची जास्त घाला." मुलीचे वडील म्हणून नमतं घ्यायची त्यांची तयारी असे, पण घर पाहिल्याशिवाय मुलगी द्यायची नाही. ते समोरच्यांच्या ऑफिसात जाऊन बसत, तहान नसताना पाणी मागत आणि पाणी आणणाऱ्या शिपायाशी साहेब कसा बोलतो ते बघत. परतीच्या वाटेवर निकाल. "स्थळ मोठं हाय, पन वळन न्हाई."

अशा एका मोठ्या स्थळाचे साहेब एकदा आमचं काम पाहायला कर्जतला आले होते. आमच्या बाहेरच्या खोलीत पाचसहा बाया, दोन पुरुष, डेअरीचा माणूस, समुपदेशक बाई असे सगळे एकत्र बसलेले. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि अध्यक्षांच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात विचारलं, "यातले ते कोण?"

खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. एका बाईने हातातला चहाचा कप हळूच जमिनीवर ठेवला.

"मी," अध्यक्ष म्हणाले. "मी हाय ना. बगा की नीट. कसा दिसतुया?"

साहेब हसले, पण त्यांची खुर्ची थोडीशी मागे सरकली. संध्याकाळी अध्यक्षांनी मला नकाराचा ईमेल लिहायला सांगितला. समुपदेशक बाई चिडल्या. त्यांचंही खरंच होतं, कारण त्या स्थळाच्या पिशव्या आल्या असत्या तर उन्हाळा निभावला असता. उन्हाळ्यात इकडे शेतात काम नसतं आणि त्या गोळ्या उपाशीपोटी सोसत नाहीत. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरगी घरात ठिवू, पन हितं द्याची न्हाई." तो उन्हाळा वाईट गेला. दोघीजणींनी गोळ्या मधेच सोडल्या. अध्यक्ष त्यांच्या घरी जाऊन बसत, दुकानातल्या साड्या दाखवायला आलोय असं गावात सांगत, आणि गाठोड्यात साड्यांखाली तांदूळ नेत.

नाव दिसू नये, खूण दिसू नये, याचं त्यांना वेडच होतं. सेवा क्लबाने एकदा प्रेमाने प्रत्येक पिशवीवर लाल रिबनचं स्टिकर लावून पाठवलं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी अध्यक्ष खोबरेल तेलाची बाटली घेऊन जमिनीवर बसले आणि ती सगळी स्टिकरं नखाने खरवडून काढली. क्लबवाल्यांनी विचारल्यावर त्यांनी बेधडक सांगितलं, "उंदरांनी खाल्ली." बॅनरवर त्यांना 'आरोग्य मेळावा' एवढे दोनच शब्द चालत. शिवाय मेळाव्याला ते बचत गटाच्या बाया बोलावत, बीपीवाल्या, गुडघेदुखीवाल्या, कुणीही. पिशव्या सगळ्यांनाच. एकदा मी घाबरत विचारलं, आपल्या यादीबाहेरच्यांना पिशव्या दिल्याचं अहवालात काय लिहू? ते म्हणाले, "भेळ लिवा. चुरमुऱ्यातून शेव निवडता येती का कुनाला?"

पाहुण्यांना फेटे बांधणं हा कार्यक्रमाचा पहिला तास असे. खरंच तास. अध्यक्ष एकेका पाहुण्याला खुर्चीवर बसवत, हनुवटीला धरून तोंड वर करत, कापडाचं टोक त्याच्याच दातांत देत, आणि मग गोल गोल फिरत राहत. मोठमोठे अधिकारी तोंडात कापड धरून गप्प बसलेले मी पाहिले आहेत. फेटा बांधून झाला की ते आरसा दाखवत. तिथून पुढे पाहुणा फक्त स्वतःचे फोटो काढून घेई. "पावन्याच्या डोक्यावर फेटा चडला," ते मला म्हणाले होते, "की त्याला दुसऱ्याचं डोकं दिसत न्हाई."

मी हे सगळं बरेच दिवस म्हाताऱ्या माणसाची हौस म्हणून पाहत होते. मला स्वतःला फोटोची धास्ती आहे. शाळेच्या वर्गाच्या फोटोतही मी उंच मुलीच्या खांद्यामागे अर्धी आहे. कॅमेरा निघाला की मी स्टेजच्या मागच्या पडद्याजवळ, पिशव्यांच्या ढिगाशी जाऊन उभी राहते. सगळे फोटो मी असे उलट्या बाजूने पाहिले आहेत. त्यामुळे पैजेच्या त्या दिवशी मिरजगावात मला जे दिसलं ते कॅमेऱ्याला दिसणं शक्य नव्हतं.

अध्यक्षांची छाती पुढे होती आणि हात पाठीमागे. उजवा हात हळूहळू हलत होता, कोंबड्यांना खुराड्यात सारतात तसा. मागे, अजून मागे. त्या हाताकडे बघत रांगेतल्या बाया एकेक पाऊल सरकत होत्या. फेट्याचा शेमला त्यांनी खांद्यावरून पसरून घेतला होता. तुरा तर पंख्याएवढा. त्या गुलाबी आडोशात बरोबर मधे शालन उभी होती.

शालनचा नवरा जाऊन बराच काळ झाला. ती गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते आणि मुलीला शिकवते. ती कसल्या गोळ्या घेते हे गावात कुणालाही माहीत नाही. गुडघ्यांचं औषध आणायला जाते असं सांगून ती एसटीने येते आणि आमच्या दारातही कुणी बघत नाही ना याची खात्री करून मगच चप्पल काढते. गावाला कळलं तर दुसऱ्या दिवशी एकही मूल तिच्या हातची खिचडी खाणार नाही. आयांनी डबे दिले की संपलं.

फोटो निघाला. फोटोग्राफर वैतागून म्हणाला, "अध्यक्ष, मागचं कुणीच दिसंना की ओ!"

"मागचं कशाला? मी दिसतुया न्हवं?" अध्यक्ष म्हणाले आणि मोठ्याने हसले. सगळं कार्यालय हसलं.

परतताना जीपमध्ये मी पुढे त्यांच्या शेजारी बसले होते. बराच वेळ मनात जुळवून मी विचारलं, "तुम्ही मुद्दाम आडवे उभे राहता ना?"

गाडी तेच चालवत होते. जीपचा गिअर नेहमीप्रमाणे दोनदा निसटला. मग ते म्हणाले, "फोटोची हौस मला पयल्यापास्नंच हाय. खोटं न्हाई सांगत. पन तवा मी बसायचो. खुर्चीत. गळ्यात हार घालून."

तेव्हा मिरजगावात हायवेलगत एका बाईची चहाची टपरी होती. आमच्याकडची. सेवा क्लबाने पिशव्या वाटल्या. अध्यक्ष खुर्चीत, शाल पांघरून, आणि त्यांच्या खांद्याशी ती पिशवी घेऊन उभी. क्लबातल्या कुणीतरी चांगल्या मनाने तो फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. खाली मजकूर लिहिला, एचआयव्हीग्रस्त भगिनींना मदतीचा हात. आपलं चांगलं काम लोकांपर्यंत पोचावं, एवढाच हेतू.

"कुनी तिला एक सबुद बोललं न्हाई," अध्यक्ष म्हणाले. "शिवी न्हाई, भांडान न्हाई. फकस्त चा प्यायचं थांबलं. म्या गेलो तर ती आपली चा उकळत बसल्याली. उकळायची आन वतून द्यायची. म्या येकट्यानं किती प्यावा? पोट फुगंस्तवर प्यालो."

मग तिने टपरी बंद केली. मग दवाखान्यात यायचं बंद केलं, कारण गोळ्यांच्या रांगेत लोक दिसतात आणि लोकांना आपण दिसतो. समुपदेशक बाई घरी जायच्या तर दाराला कडी. ती गेली तेव्हा तिच्याजवळ भाचीशिवाय कुणी नव्हतं.

"माझा फोटो लई झ्याक आला हुता त्यात," अध्यक्ष म्हणाले.

मी विचारलं, की फोटो काढू नका असं आपण स्पष्ट का सांगत नाही? करारात तर लिहिलेलं असतं. मीच लिहिते. कायदाही आहे.

"कागुद घरी ऱ्हातो, मोबाईल खिशात आसतो," ते म्हणाले. "आन न्हाई म्हनलं की ते इचारत्यात, का? का म्हनलं की समदी मागं वळून बगत्यात. त्यापरास हौशी म्हातारं म्हनून हसू द्या. हसताना मानूस निरखून बगत न्हाई." मग मिशीखाली हसून म्हणाले, "ही गोस्ट लिवू नका. बोलत तर तुमी न्हाईच."

त्यांना हसणारे पुष्कळ होते. शहरातल्या एका कार्यक्रमात त्यांना स्टेजवरून हाताला धरून खाली उतरवलं होतं. एका अहवालासाठी क्लबाने त्यांना फोटोतून कापून काढलं, तर मागे नुसता पडदा उरला. घरी बायकोही हसायची. तिलाही त्यांनी कारण सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज गेल्यावर संस्थेच्या दोन खोल्या अचानक फारच मोठ्या वाटायला लागल्या. क्लबाने हळूच हात काढून घेतला. पिशव्या थांबल्या. बाया येऊन काही न मागता बसून राहायच्या आणि एसटीची वेळ झाली की उठायच्या. अशात पुण्याच्या एका नव्या कंपनीने विचारणा केली. चांगली, नियमित मदत, पण अटी होत्या. पिशव्या फक्त खऱ्या लाभार्थ्यांना मिळतील, बचत गट वगैरे कुणी नको, आणि वाटपाचा फोटो हवा, पाठमोरा चालेल. घर बघायला जाणारं कुणी उरलं नव्हतं. समुपदेशक बाईंनी आणि मी हो म्हटलं.

मेळाव्याच्या सकाळी मी अध्यक्षांना भेटायला गेले. दुकानामागच्या खोलीत ते खाटेवर होते. मिशी कुणीतरी विंचरून ठेवली होती, पण एका बाजूला उतरली होती. मी मिरजगावच्या मेळाव्याचं सांगितलं. त्यांचे ओठ बराच वेळ हलले आणि मग दोन तुकडे बाहेर आले. "फो... टो."

"बगा," त्यांच्या बायको, आमच्या काकू, पदराने डोळे पुसत हसल्या. "निम्मं आंग गेलं, पन फोटू काय सुटंना ह्यांचा."

अध्यक्षांनी डावा हात उचलून डोक्याला लावला. काकूंनी खुंटीवरचा बांधून ठेवलेला गुलाबी फेटा काढला आणि माझ्या हातात दिला. "पावन्यासाठी न्या म्हनत्यात."

अध्यक्षांनी मान हलवली. नाही. तो हात माझ्याकडे वळला आणि तसाच राहिला. मला समजलं नाही असं मी दाखवलं आणि फेटा पिशवीत घालून निघाले.

कार्यालय तेच होतं, आणि पैज लावणारा फोटोग्राफरही तोच. कंपनीकडून आलेल्या बाई खरंच चांगल्या होत्या. प्रत्येकीला नमस्कार करत होत्या, पाणी आणणाऱ्याला दादा म्हणत होत्या. अध्यक्षांनी हे स्थळ पसंत केलं असतं. मी फेटा पुढे केला, तर त्या लाजून म्हणाल्या, "नको गं, केस विस्कटतील." तो टेबलावर तसाच राहिला आणि मी माझ्या जागी, पडद्याजवळ समुपदेशक बाईंशेजारी गेले.

बाया रांगेत उभ्या राहिल्या, ठरल्याप्रमाणे पाठमोऱ्या. समोरून कुणाचेच चेहरे दिसत नव्हते आणि कंपनीच्या बाईंना ते उदास वाटलं. "जरा इकडे वळा ना सगळ्या," त्या म्हणाल्या. "इतक्या छान आहात, हसऱ्या दिसा की."

बाया वळल्या. देणाऱ्याने सांगितलं की वळायची सवय झालेली असते. त्याच वेळी, न बोलावता आलेला एका बातम्यांच्या चॅनेलचा पत्रकार मोबाईल वर धरून पुढे सरकला. तो शालनच्या शेजारच्या गावचा होता. समुपदेशक बाईंनी माझा दंड घट्ट धरला. पत्रकार डोळे बारीक करून म्हणाला, "त्या मधल्या बाई कुटंतरी पायल्यासारख्या वाटत्यात."

शालनने पदर नाकापर्यंत ओढला. कंपनीच्या बाई तिच्याजवळ गेल्या आणि फार मायेने म्हणाल्या, "ताई, पदर जरा मागे घ्या ना. चेहरा दिसू दे."

शालनचा हात वर गेला. पदराच्या काठाशी थांबला. ती समोर पाहत होती, कॅमेऱ्याकडे नाही. स्वतःच्या आणि कॅमेऱ्याच्या मधल्या त्या रिकाम्या जागेकडे पाहत होती.

टेबलापर्यंत मी कशी गेले ते मला आठवत नाही. फेटा माझ्या डोक्याला फार मोठा होता. तो थेट भुवयांवर उतरला आणि खोबरेल तेलाचा वास आला. स्टेजखाली कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी, मग बरेच जण. ते मोबाईल खाली करून हसत होते. मी रांगेच्या पुढे, बरोबर मधे जाऊन उभी राहिले, शेमला खांद्यावरून पसरला, छाती पुढे काढली. पाठीमागे माझा उजवा हात हळूहळू हलत होता आणि साड्यांची सळसळ एकेक पाऊल मागे जात होती. मग मी तोंड उघडलं. जो आवाज आला तो कार्यालयाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"थांबा! माझ्याशिवाय फोटो काढायचा नाही."